उजवीकडचा जॅक

आमच्या घरी रविवारी सकाळी दोन गोष्टी चुकत नसत. आधी बुद्धवंदना, मग गाडीची तपासणी. वंदना सगळ्यांनी मिळून व्हायची आणि दहा मिनिटांत आटपायची. तपासणी बाबा एकटे करायचे आणि तिला दोन तास लागायचे. बाबा खडकीच्या कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मापात आहे का ते पाहायचं, असेल तर सही करायची, नसेल तर परत पाठवायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकी वर्षं केलं की घरातल्या वस्तूसुद्धा त्यांच्यासमोर जरा अंग चोरून असायच्या. आईची भाकरी ते तोंडात घालण्याआधी उजेडाकडे धरून पाहत. आई विचारायची, "सही करताय की परत पाठवताय?" बाबा काही न बोलता खायला लागत. याला आमच्याकडे सही समजत.

गाडी जुनी होती, आमच्याकडे येण्याआधी दोन घरं फिरून आलेली. ती चालवायची आई. बाबांना गाडी येत होती, पण चालवण्यात त्यांना रस नव्हता. त्यांना ती तपासायला आवडे. आई हायस्कुलात गणित शिकवायची आणि बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली होती. आमच्या, म्हणजे कारखान्याच्या, वसाहतीत त्या काळी दोनच चारचाक्या होत्या. दुसरी वरच्या मजल्यावरच्या सप्रेसाहेबांची. सप्रेसाहेब फोरमन होते. त्यांची गाडी वर्षभर कापडी झुलीखाली असे आणि दसऱ्याला हार घालून गेटपर्यंत जाऊन परत येई. आमची गाडी रोज बाहेर पडते आणि तीही बाईच्या हातून, या दोन्ही गोष्टी त्यांच्या मते गाडीसाठी चांगल्या नव्हत्या.

आमची जागा कुंपणाच्या भिंतीलगत होती. गाडीची डावी बाजू भिंतीला जवळजवळ चिकटलेली असे. त्यामुळे तपासणीच्या वेळी जॅक उजव्या बाजूला लागायचा, गाडी उजवीकडून वर उचलली जायची आणि बाबा उजवीकडून खाली सरपटत जायचे. गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला तेलाचं बूच होतं. ते काढायचं, भोकात करंगळी घालायची. तेल भोकाच्या काठाला लागलं तर पुरेसं आहे, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं. करंगळी ओली निघायची. बाबा बाहेर येऊन, हात पुसून, एका लांबट वहीत लिहायचे, 'तेल : ठीक', आणि खाली सही. अशी पानंच्या पानं होती. सगळी ठीक.

त्या उन्हाळ्यात गाडी कण्हायला लागली. व्यायला आलेल्या म्हशीसारखा आवाज. पुढे दुसरा गिअर सुटायला लागला. टाकलेला दांडा आपोआप निसटून मधे यायचा आणि गाडी नुसतीच गुरगुरायची. आईने त्यावर उपाय काढला होता. दुसरा गिअर टाकला की डाव्या हाताने दांडा दाबून धरायचा आणि एका हाताने गाडी वळवायची. हे ती कोणाला बोलली नाही. गणिताच्या बाईला स्वतःचं उदाहरण चुकल्याचा संशय आला की ती आधी एकटीच तपासत बसते.

सुट्टी लागली तसं बाबांनी रजा टाकली आणि निदानाला बसले. माझा बारावीचा निकाल लागायचा होता; म्हणजे मी कुणाच्याही कामाला मोकळी होते. मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. बाबा खाली, एका लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावून. इंजिन चालू, गिअर कुठलाच नाही. कण्हणं चालू.

"क्लच दाब."

मी दाबला. कण्हणं थांबलं.

"सोड."

सोडला. पुन्हा चालू. क्लच दाबला की इंजिनाची आणि गिअरबॉक्सची ताटातूट होते, तेव्हा कण्हतोय तो गिअरबॉक्स, हे मला तिसऱ्या वेळीच कळलं. बाबांनी ते अकरा वेळा करायला लावलं. एवढ्यात सप्रेसाहेब घडीची खुर्ची घेऊन खाली उतरले. कुठेही काही चाललेलं असलं की ते स्वतःची खुर्ची घेऊन जात. उभ्याने दिलेला सल्ला कोणी मानत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

"गायकवाड, गिअरबॉक्स आहे."

"तेच ठरवतोय," बाबा खालून म्हणाले.

"पण गिअरबॉक्स का आपोआप बिघडतो? वहिनींचा पाय सारखा क्लचवर असतो. मी वरून बघतो ना."

"वरून पाय दिसतो?" मी विचारलं.

"अनुभवाने दिसतो."

बाबा बाहेर आले. तोवर आजूबाजूचे पाच-सहा जण जमले होते. बाबांनी वही उघडून सगळ्यांना दाखवली. "तेलाचा प्रश्न नाही. तेल दर रविवारी मी स्वतः बघतो." मग सप्रेसाहेबांकडे पाहत म्हणाले, "क्लचवर पाय असेल, गिअर अर्धवट पडत असतील, तर दाते जातात. शक्य आहे."

स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला होती. आई भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज एकदम थांबला आणि मग आधीपेक्षा जोरात सुरू झाला.

त्या दिवशी सुकटीची चटणी होती. वास खालपर्यंत गेला होता. सप्रेसाहेबांनी रुमाल नाकाला लावला होता, पण खुर्ची हलवली नव्हती. जेवताना आई म्हणाली, "मी मोडला असेल तर तसं सांगा. शाळेला कळवते, नको म्हणून."

आईला वारज्याच्या एका शाळेने मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. मी आता वारज्यातच राहते. खिडकीतून पूल दिसतो आणि पुलावर अडकलेल्या गाड्या दिसतात, त्यामुळे हे कुणाला पटणार नाही. पण तेव्हा वारजं म्हणजे शहर संपल्यावर येणारं गाव होतं. खडकीहून दोन बस आणि वर पायपीट. सकाळच्या शाळेला वेळेवर पोचायचं तर गाडीशिवाय मार्ग नव्हता. आईने वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली फळ्यावर त्रैराशिकं मांडली होती. ही खुर्ची तिला हवी होती. तिने तसं कधी म्हटलं नव्हतं, पण पत्र आल्यापासून ते कागदपत्रांच्या डब्यात न ठेवता उशीखाली ठेवलं होतं.

"उघडल्याशिवाय सांगता येणार नाही," बाबा म्हणाले.

"खाली तर न उघडता सांगितलंत."

"शक्य आहे, एवढंच म्हणालो."

"तुम्ही शक्य आहे म्हणालात की कारखान्यात माल परत जातो. मीही जाते. पण ज्या गाडीची मी वाट लावली, तिला पुन्हा हात लावणार नाही. शनिवारपर्यंत सांगा."

बाबांनी भाकरी उजेडाकडे न धरताच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत मोकळ्या अंगणात नेली आणि चारी बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. बाबा प्रत्येक गोष्ट क्रमाने करत. आधी तेल काढायचं, मग मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडवायचा, मग गिअरबॉक्स इंजिनापासून सुटा करायचा. सुटा झालेला प्रत्येक नट ते मला द्यायचे आणि मी तो आईच्या मसाल्याच्या जुन्या डब्यात ठरलेल्या वाटीत टाकायचे. त्यातले चार अजून हळदीच्या वासाचे असणार. तेल आम्ही रॉकेलच्या लिटरच्या मापात धरलं. पुस्तकाप्रमाणे दीड लिटर निघायला हवं होतं. माप भरलंसुद्धा नाही.

"बाबा, हे लिटरभरपण नाही."

बाबांनी मापात पाहिलं, मग वहीत पाहिलं. वहीत मागच्या रविवारी 'ठीक' होतं. "थंडीने आत चिकटून राहिलं असेल," ते म्हणाले.

मे महिना होता. मी पदराने घाम पुसावा तसा ओढणीने पुसत होते. पण वहीवर सही होती, आणि सही असलेल्या गोष्टीशी बाबा वाद घालत नसत.

गिअरबॉक्स खाली घ्यायला दोन माणसं आणि एक फळी हवी, असं पुस्तकात होतं. आमच्याकडे दीड माणूस आणि एक गोधडी होती. शेवटचा बोल्ट सुटला तसा गिअरबॉक्स गोधडीऐवजी बाबांच्या छातीवर उतरला. 

"सावकाश," सप्रेसाहेब खुर्चीतून म्हणाले.

आम्ही बाबांना गिअरबॉक्सखालून काढलं. छाती चोळत ते पहिल्यांदा क्लचच्या प्लेटकडे गेले. पाय क्लचवर ठेवून चालवणाऱ्याची प्लेट झिजते. ती झिजली असती तर सप्रेसाहेबांचा अनुभव खरा ठरला असता. बाबांनी व्हर्नियर आणला, प्लेटची जाडी चार ठिकाणी मोजली. मग पुन्हा चार ठिकाणी.

"प्लेट चांगली आहे," ते म्हणाले.

"मग आईचा पाय?"

"प्लेट चांगली आहे, एवढंच म्हणालो."

गिअरबॉक्सचं झाकण उघडलं. आत दात्यांवर निळसर झाक होती, तवा जास्त तापल्यावर येते तशी. बेअरिंग बोटाने फिरवलं तर वाळू चावल्यासारखं वाजलं. हा गिअरबॉक्स परत उभा राहणारा नव्हता, हे मलाही दिसत होतं. "तापलाय," बाबा म्हणाले. कशाने, ते म्हणाले नाहीत. रात्रीच्या जेवणाला कैरीचं पन्हं होतं. आमच्या तिघांचे गिळण्याचे आवाज आणि लांबून जाणारी लोकल, एवढंच ऐकू येत होतं.

दुसरा गिअरबॉक्स नाना पेठेतल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून आणला. दुकानदाराने ढिगातून तो ओढून काढला, पुढचा दांडा हाताने फिरवला आणि म्हणाला, "ऐका साहेब. आवाज येतोय?"

"नाही."

"मग अजून काय पाहिजे?"

बाबांना अजून बरंच पाहिजे होतं. त्यांनी तो दुकानाच्या दारातच उघडायला लावला आणि दीड तास पाहिला. शेवटी दुकानदाराने त्यांच्यासाठी चहा मागवला, माझ्यासाठी लिंबू सरबत, आणि स्वतः जेवायला निघून गेला. स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागी गिअरबॉक्स, त्यावर पाय पसरून बाबा आणि मागे मी, असे आम्ही परत आलो. हा प्रवास मला तेव्हा लाजिरवाणा वाटला होता. आता वाटतं, त्या वयात तसल्या जड वस्तूबरोबर एकदा तरी शहरभर हिंडलं पाहिजे. माणूस पुढे फार गोष्टींना जड म्हणत नाही.

बसवायला दोन दिवस लागले. शनिवारी दुपारी गाडी ठोकळ्यांवरून उतरली. राहिलं होतं ते फक्त तेल. मी म्हटलं, इथे मोकळ्या जागेतच भरू. बाबांना ते मान्य नव्हतं. मोजमाप नेहमी एकाच जागी, एकाच पद्धतीने घ्यावं, नाहीतर मागच्या नोंदींशी ताळा कसा बसणार? तेव्हा गाडी पुन्हा ढकलत भिंतीलगत नेली. जॅक उजवीकडे. गाडी उजवीकडून वर. बाबा खाली गेले, डाव्या अंगाचं बूच काढलं, नळी लावली, आणि मी बॉनेटकडून नरसाळ्यात तेल ओतू लागले. पहिलं माप संपत आलं तेव्हा खालून आवाज आला, "थांब. काठाला आलं. वाहतंय."

मी थांबले. हातात अजून अर्ध्या लिटरचं माप भरलेलं होतं.

"बाबा, हे अर्धं उरलंय."

"पुरेसं झालं. काठाला आलंय."

"पण पुस्तकात दीड आहे. हा बॉक्स तर कोरडा होता, आपण धुऊन पुसला. मग हे अर्धं कुठे जाणार होतं?"

बाबांचे पाय दिसत होते, पायात कारखान्याचे बूट. ते पाय हलायचे थांबले. मग हळूच त्यांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही; जॅककडे पाहिलं. मग गाडीच्या टपाकडे, जे डावीकडे कललेलं होतं. मग भिंतीकडे. बशी कलती धरली की एका काठावरून चहा सांडतो आणि दुसरा काठ कोरडा राहतो, हे आमच्या घरात लहान मुलाला ठाऊक होतं. दर रविवारी गाडी कलती करून, तेल डाव्या काठाला आणून, बाबा करंगळी बुडवत होते. पहिल्या रविवारी जास्तीचं म्हणून वाहून गेलं ते पुन्हा कधी भरलंच गेलं नव्हतं, आणि पुढचे सगळे रविवार उरलेल्या तेलाला सही मिळत गेली होती.

बाबा घरात गेले आणि पाणसळ घेऊन आले. गवंडी वापरतात ती, काचेत बुडबुडा असलेली. ती त्यांनी गाडीच्या उंबऱ्यावर ठेवली. बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन चिकटला. वास्तविक ते नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. पण बाबांना स्वतःविरुद्धचा पुरावासुद्धा उपकरणाने घेतलेला हवा होता. मग आम्ही दोघांनी गाडी पुढे ढकलली, सपाट जागेवर आणली, चारी बाजूंनी सारखी उचलली आणि उरलेलं अर्धं लिटर ओतलं. थेंबही बाहेर आला नाही, शेवटचा एक सोडून.

बाबा सरळ स्वयंपाकघरात गेले. मी मागे. आई तांदूळ निवडत होती.

"गिअरबॉक्स तेल कमी असल्यामुळे गेला," ते म्हणाले. "तपासणीची पद्धत चुकीची होती. माझी. तुझ्या चालवण्याचा काही संबंध नाही."

आईने ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "हे इथे सांगून काय उपयोग? 'शक्य आहे' कुठे म्हणाला होतात?"

बाबा तसेच वळून खाली गेले. सप्रेसाहेब हातात नारळ घेऊन येतच होते. नवा गिअरबॉक्स म्हणजे त्यांच्या लेखी अर्धी नवी गाडी. मागे वसाहतीतली चार माणसं. सप्रेसाहेबांनी घसा साफ केला आणि चिकाटी, कुटुंब आणि यंत्रयुग यांवर थोडं बोलले. शेवटी खिडकीकडे पाहून म्हणाले, "वहिनींनी आता जरा जपून..."

"चूक माझी होती," बाबा मधेच म्हणाले. "मी गाडी कलती ठेवून तेल बघत होतो. तिचा काही दोष नाही."

मग सप्रेसाहेबांचे डोळे पाणावले. "बघा," ते बाकीच्यांना म्हणाले, "याला म्हणतात नवरा. बायकोची चूक स्वतःच्या अंगावर घेतली. गायकवाड, आज तुम्ही फार उंच गेलात."

"अहो, मी खरं सांगतोय."

"हेच ते! हेच!" त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाबांनी तीनदा समजावलं. प्रत्येक वेळी ते थोडे आणखी उंच गेले. शेवटी त्यांनी नारळ घेतला, "चटणी होईल" म्हणाले आणि वर आले.

आईने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. "वा," ती म्हणाली. "गिअरबॉक्स माझ्या पायाने गेला तो गेलाच, वर तुम्ही महात्मा झालात."

ती रागावली होती आणि तिचं बरोबर होतं. खरं बोलूनही खोटं तसंच उरलं होतं, फक्त त्याला हार घातला गेला होता. सोमवारी ती शाळेत गेली असती तरी वसाहतीच्या गेटातून रोज माफी मिळालेली बाई म्हणून बाहेर पडली असती. तिला तसं जायचं नव्हतं. तिने उशीखालचं पत्र काढून टेबलावर ठेवलं आणि शेजारी कोरा कागद.

रविवारी तपासणी झाली नाही. माझ्या आठवणीतला असा तो पहिलाच रविवार. संध्याकाळी ते कपाटासमोर बराच वेळ काही शोधत होते.

सोमवारी सकाळी खाली उतरले तर जुना गिअरबॉक्स जिन्याच्या पहिल्या पायरीशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा घालावा लागेल असा मधोमध ठेवलेला होता. त्याला तारेने एक लाल चिठ्ठी बांधलेली होती. कारखान्यात नापास मालाला बांधतात तशी. ती कशी वाचायची हे वसाहतीतल्या प्रत्येक घराला माहीत होतं. माणसाच्या तोंडी बोलण्याला आमच्याकडे मोठेपणा, नम्रता, बायकोचा धाक, असे बरेच अर्थ लागत. लाल चिठ्ठीला एकच अर्थ होता. तिच्यावर खोटं लिहिणाऱ्याची नोकरी जायची. तिच्यावर बाबांच्या ठसठशीत अक्षरात होतं : 'वस्तू : गिअरबॉक्स. निकाल : नापास. दोष : तेलाचा अभाव. कारण : तपासनिसाची सदोष पद्धत. चालक : निर्दोष.' खाली सही.

सप्रेसाहेब दूध आणायला निघाले होते. ते चिठ्ठीपाशी थांबले, चष्मा लावला, वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सही पाहिली. त्यांनी काही भाषण केलं नाही. गिअरबॉक्सला वळसा घालून, भिंतीच्या कडेने, ते निघून गेले.

आई शाळेची पर्स घेऊन जिना उतरली. तिने चिठ्ठी उचलून सगळी वाचली, शाळेतल्या मुलांच्या वह्या वाचायची तशी, ओळीखाली बोट धरून.

"तारीख नाही," ती म्हणाली.

बाबा दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून खाली आले, पेन काढलं, वाकले आणि तारीख घातली. आईने चिठ्ठी खाली सोडली आणि गाडीत बसली.

गाडी चालू झाली. कण्हणं नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये ती अंगणातून निघाली, गेटाच्या वळणावर आईने दुसरा टाकला, आणि दाते असे खरवडले गेले की चिंचेवरचे कावळे उडाले. ही चूक पूर्णपणे तिची होती. क्लच अर्धाच दाबला गेला होता. दुधाची बरणी घेऊन परत येणारे सप्रेसाहेब गेटात जागीच थांबले. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि मग बाबांकडे.

"बॉक्स दुसऱ्या गाडीचा आहे," बाबा म्हणाले. "थोडे दिवस वाजणार."

माझ्या माहितीत त्यांनी न तपासता दिलेला हा एकमेव दाखला.